दोन्हीकडे तेच दिसतं

‘तू एवढ्यात येऊ नकोस’ एवढं टाइप करून झालं. जवळचा चष्मा कपाळावर सरकवून मी डोळे चोळले आणि उघडले, तर समोर, दाराबाहेरच्या बोळातल्या कपाटाच्या आरशात एक पांढरा चौकोन दिसला. चौकोनात काळ्या ओळी होत्या, उलट्या. शेवटच्या ओळीच्या टोकाशी एक उभी रेघ लुकलुकत होती. माझ्यासमोर कॉम्प्युटरवरही तशीच रेघ होती आणि तीही त्याच तालात लुकलुकत होती. त्या आरशात आतल्या खोलीची भिंत दिसते आणि भिंतीवर टीव्ही आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. टीव्ही मीच तिथे ठोकला. तरी समजायला चार-पाच श्वास लागले. सिनेमा थांबवून मी पत्र लिहायला बसलो होतो आणि आतला टीव्ही बंद करायचा राहिला होता. गेली वीस मिनिटं एका बोटाने, अक्षरं हुडकत हुडकत मी जे लिहीत होतो, ते सगळं हिच्या पलंगासमोर, इथल्यापेक्षा तिप्पट मोठ्या अक्षरांत उमटत होतं.

पत्र लेकीला होतं. ‘बबडे, डॉक्टर काल येऊन गेले. आता औषध बदलून उपयोग नाही म्हणाले. दोन महिने म्हणाले, कदाचित तेवढेही नाहीत. आईला अजून काही कळलेलं नाही. ती मजेत आहे, रोज दुपारी सिनेमा बघते. तुझी आठवण काढते. तू एवढ्यात येऊ नकोस’. पूर्णविराम द्यायचा होता. तो न देता मी हात मांडीवर ठेवून बसलो. पान बंद करावं असं पहिल्यांदा मनात आलं. पण बंद करायला माउस हलवायला हवा, आणि माझा हात हलला की हिच्या खोलीत बाण हलणार. ही जागी असेल तर तिला दिसणार की मी घाबरून पान मिटतोय. झोपली असेल तर काहीच बिघडत नाही, पण मग मिटायची घाई तरी कशाला? आरशात पलंग दिसत नाही, उशीचं एक टोक तेवढं दिसतं. मी कान देऊन ऐकलं. खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवत होतं. हिच्या श्वासाचा आवाज येत नव्हता, पण तो इथवर कधीच येत नाही. हिचा चष्मा कुठे होता? तो नाकावर नसेल तर तिला समोर नुसता पांढरा उजेड दिसला असेल. आणि मला आठवलं की दुपारी सिनेमा लावताना चष्मा मीच धोतराच्या मऊ जुन्या तुकड्याने पुसून तिच्या कानांवर नीट बसवला होता.

कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत ही वायर मी टाकली त्याला आज सतरा दिवस झाले. नोकरीभर मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. रस्त्याखालून कुठला पाइप कुठे वळतो, कुठे जोड आहे, कुठे झडप आहे, याचे नकाशे काढण्यात माझे तेहतीस पावसाळे गेले. त्यामुळे कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा म्हटल्यावर मी आधी कागद घेतला. ही म्हणाली, “झालं, आता घराचा नकाशा.” कॉम्प्युटर बबडीचा, तिच्या कॉलेजातला. तो तिच्या खोलीतून हलवता येईना, कारण त्याचं टेबल दारातून निघत नाही. आणि ही पलंगावरून हलेना. सहा आठवडे झाले, ही आधार देऊनही उभी राहत नाही. तेव्हा सिनेमाच तिच्याकडे न्यायचा, असं ठरलं. चौकटीच्या वरून, बोळाच्या छताला लागून, आतल्या दाराच्या कोपऱ्यातून भोक पाडून खाली, हे सगळं मी टेपने मोजलं. अकरा मीटर वीस सेंटीमीटर भरलं. दुकानातल्या बाईंनी पंधरा मीटरची वायर पुढे केली. मी म्हटलं, तीन मीटर ऐंशी सेंटीमीटरचं वेटोळं मी कुठे लपवू? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “काका, वायर कापून मिळत नाही.” मग त्यांनी मला समजावून सांगितलं. टीव्हीच्या मागे दोन खाचा असतील, त्यातली पहिली वापरा, रिमोटवरून तीच निवडा. कॉम्प्युटर विचारेल की पडदे वेगवेगळे ठेवायचे की एकसारखे. तुम्ही एकसारखे म्हणा. “म्हणजे दोन्हीकडे तेच दिसतं. तुम्हाला सोपं जाईल.” हे मी कागदावर लिहूनसुद्धा घेतलं आणि खाली रेघ मारली.

पहिल्या दिवशी चित्र आलं आणि आवाज आला नाही. आवाज कॉम्प्युटरमधूनच येत राहिला, म्हणजे माणसं आतल्या खोलीत तोंड हलवत होती आणि बोलत होती बबडीच्या खोलीत. ही इतकी हसली की तिला ठसका लागला. “मुके आत आणि वाचाळ बाहेर,” म्हणाली. खटपट करून तासाभराने आवाज जागेवर आला आणि त्या दिवसापासून मी त्या वायरला भीत भीत वागत होतो. एकदा पुसताना ती निघाली तर आवाज पुन्हा रुसला, पुन्हा तासभर गेला. म्हणून लेकीला लिहिताना वायर काढायची नाही, आत जाऊन टीव्ही रिमोटने बंद करायचा आणि मगच लिहायला बसायचं, अशी माझी पद्धत होती. “जरा पड आता,” म्हणायचं, बटण दाबायचं, दार लोटायचं. आज नर्सबाई इंजेक्शन देऊन गेल्या, हिचा डोळा लागला आणि रिमोट तिच्या तळहाताखाली राहिला. सोडवायला गेलो असतो तर ती जागी झाली असती. तिची झोप मोडू नये एवढाच विचार मी केला. शहाणपणा तो एवढाच.

सिनेमाचं वेड हिचं. माझं नाही. लग्नाआधी आम्ही दोनदाच भेटलो, त्यातली दुसरी भेट थिएटरबाहेर. आधीचा खेळ सुटला होता आणि लोक डोळे मिचकावत बाहेर येत होते. ही मला तिकिटं घेऊन उभं करून सरळ त्या गर्दीत गेली, एका अनोळखी बाईला थांबवलं आणि विचारलं, शेवट काय होतो? मला लाज वाटली. परत येऊन म्हणाली, “तो मरतो. आता निवांत बघू.” पुढे आयुष्यभर तेच. शेवट ठाऊक असल्याशिवाय हिला सिनेमा गोड लागायचा नाही. मी चिडायचो, मग मजाच काय राहिली? ती म्हणायची, “अहो, काय होणार याच्या धास्तीत अर्धं लक्ष जातं. एकदा कळलं की माणसांकडे नीट बघता येतं.” हे मी चौतीस वर्षं ऐकत आलो. आणि तरीही चार महिन्यांपूर्वी, हिच्या स्वतःच्या बाबतीत, सांगायचं नाही असं मी एकट्याने, तिला न विचारता ठरवून टाकलं. का ठरवलं? तिच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. कपाटाच्या आरशासमोर बसल्यावर मात्र ते तोंडातून निघेना. मला तिच्याबरोबर त्या गोष्टीबद्दल बोलावं लागलं असतं. ती माझ्याने झेपणारी गोष्ट नव्हती. भ्याडपणा होता तो, दुसरं काही नाही.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं तेव्हा ही बाहेर बाकावर, मांडीवर पर्स धरून बसली होती. आत खिडकीवर कुंडी होती आणि कुंडीत फक्त माती होती. डॉक्टर बोलत होते आणि मी त्या मातीकडे बघत होतो. “सहा महिने, फार तर.” मी विचारलं, “किती?” ते पुन्हा म्हणाले. बाहेर येताना मी चेहरा नीट केला. दाराच्या काचेत बघून केला, आणि बऱ्यापैकी जमला असं मला वाटलं. हिला म्हणालो, साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल. ही पर्सची चेन उघडत, लावत राहिली आणि म्हणाली, “बरं झालं.” ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून अठ्ठावीस वर्षं परक्या माणसांचे आवाज जोडून द्यायचे, मध्येच ऐकू आलं तर ऐकायचं आणि विसरायचं, हा त्यांचा नियम. घरी येऊन तिने कधी कोणाची गोष्ट सांगितली नाही. फक्त कधीकधी जेवताना हात थांबायचा. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही, लाइनीवरचं.

आणि लेक. ती विमानाने अठरा तासांवर राहते. मागच्या खेपेला आली तेव्हा नवऱ्यापासून वेगळी झाल्याचं सांगायला आली होती. ही तिला म्हणाली, “तुला कधी काही निभवता आलंय?” बबडी म्हणाली, “तुला निभवणं म्हणजे फक्त गप्प बसणं वाटतं.” दोघी दोन खोल्यांत बसल्या आणि मी बोळात. दुसऱ्या दिवशी ती गेली, ठरल्यापेक्षा चार दिवस आधी. मग हे आजारपण आलं. मी बबडीला कळवलं, तिने लगेच येते म्हटलं आणि मी नको म्हटलं. सुट्टी नसताना तू अचानक उगवलीस तर आईच्या लक्षात येईल. मी सांगेन तेव्हा ये. ती दर रविवारी फोन करते, आईशी दोन मिनिटं बोलते आणि “ठेवते गं” म्हणते. आणि फोन ठेवल्यावर ही माझ्याकडे बघून विचारते, “अजून रागावलीय का हो ती माझ्यावर?” मी म्हणतो, नाही गं, काम असतं तिला. दर रविवारी हाच प्रश्न, दर रविवारी हेच उत्तर. उत्तर देऊन मी पाणी आणायला उठतो. तहान कोणालाच लागलेली नसते.

“अहो,” आतून आवाज आला. “थांबलात का? पुढे लिहा ना.”

मी उठलो. खुर्ची मागे पडली, ती उचलून ठेवली. बोळातून जाताना कपाटाच्या आरशात मीच मला दिसलो, कपाळावर चष्मा अडकवलेला म्हातारा. आत टीव्हीच्या उजेडाने खोली पांढरी झाली होती, चादर पांढरी, हिचा चेहराही. चष्मा नाकावर होता. रिमोट अजून तळहाताखालीच. मी विचारलं, “कधीपासून जागी आहेस?”

“‘बबडे’पासून,” ही म्हणाली. “बसा.”

मी बसलो. समोर भिंतीवर माझं पत्र होतं. एवढ्या मोठ्या अक्षरांत ते माझं वाटत नव्हतं, कचेरीतून आलेल्या नोटिशीसारखं दिसत होतं.

“दोन महिने म्हणाले का?”

“अगं, डॉक्टर म्हणतात, पण तसंच काही...”

“कशाला जिवाचा आटापिटा करताय? तुम्हाला खोटं बोलता येतं का? त्या दिवशी बाहेर आलात आणि म्हणालात टॅक्सी करू या. जन्मात कधी टॅक्सी केली होतीत? बाळंतपणाला बसने नेलंत मला. तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतकं मन लावून लपवत होतात. म्हटलं, असू दे, तेवढाच तुम्हाला उद्योग.”

मी रडलो. चार महिने न्हाणीघरात नळ सोडून रडत होतो, आज तिच्यासमोर रडलो आणि तिने मला रडू दिलं. हात पुढे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. हाताला वजन नव्हतं. मला वाटलं की झालं, सुटलो. आता सगळं बोलता येईल, ती मला काही म्हणणार नाही, आहे तेवढे दिवस आम्ही दोघं या खोलीत एकमेकांशी खरं बोलत काढू. खरंच, क्षणभर मला बरं वाटलं. मग तिने हात काढून घेतला आणि टीव्हीकडे बोट केलं.

“पण हे काय आहे? शेवटची ओळ.”

मी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

“‘एवढ्यात येऊ नकोस.’ म्हणजे ती यायचं म्हणत होती?”

“तुला संशय येईल म्हणून मी...”

“मरायचं मला ठाऊक होतं हो,” ही म्हणाली. “बबडी का येत नाही, ते ठाऊक नव्हतं.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ती टीव्हीकडेच बघत बोलत राहिली. “इथे पडल्या पडल्या मी काय काय केलं असेल? मनातल्या मनात तिची माफी मागितली. मग वाटलं, आई मरतेय आणि पोरीला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही. मग भांडले तिच्याशी. वाट्टेल ते बोलले. मग पुन्हा माफी. आणि तुम्ही ह्या इथे, ह्याच खुर्चीत बसून सांगत होतात, काम आहे तिला.”

तिचा आजार तिच्यापासून लपवायचा म्हणून मी तिची मुलगी तिच्यापासून लपवली. आणि आजार तर तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता. म्हणजे चार महिने मी लपवलं ते फक्त मुलीला. हे माझ्या डोक्यात आता, तिथे बसल्यावर, ओळीने लागत गेलं. कुठल्या पाइपाला कुठला जोड आहे हे कळायला मला कधी वेळ लागला नव्हता.

“जा,” ही म्हणाली. “लिहा तिला. मी बघतेय.”

मी बबडीच्या खोलीत येऊन बसलो. फोन लावू का, असं तिथून ओरडून विचारलं. “तिकडे आता पहाट असेल, झोपू दे,” आतून उत्तर आलं. “‘आईला काही कळलेलं नाही’, ते आधी काढा.” मी काढलं. अक्षरं शेवटून एकेक नाहीशी होत गेली, इथे आणि आरशात. “‘मजेत आहे’, तेही काढा. आणि ती शेवटची ओळ.” काढलं. मग ती सांगत गेली आणि मी एका बोटाने लिहीत गेलो. ‘आईला सगळं ठाऊक आहे. तिला वाटत होतं तू रागावलीस. ती तुझ्यावर रागावलेली नाही. पत्र मिळताच नीघ.’ एका ठिकाणी वेलांटी चुकली तर आतून दुरुस्ती आली. “पाठवा,” ही म्हणाली. पाठवलं. पांढरं पान मिटलं आणि पत्रांची यादी समोर आली. मी माउस सोडला. पण आतून पुन्हा आवाज आला.

“ती यादी कसली? तिची पत्रं आहेत का ती?”

“हो.”

“सगळी ठेवलीत?”

“हो.”

“पहिल्यापासून दाखवा.”

मी म्हटलं की दमशील, उद्या बघू. ती म्हणाली, उद्या नको. मी यादी खाली सरकवत नेली आणि चार महिन्यांमागचं पहिलं पत्र उघडलं. ‘बाबा, फोनवर तू नीट बोलला नाहीस. डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही.’ थोड्या वेळाने आतून आवाज आला, “पुढे.” मी पुढचं उघडलं. ‘तिला रात्री पाठीला गार लागतं, माझी निळी शाल काढून दे. माझी आहे म्हणून सांगू नकोस, नाहीतर ती घेणार नाही.’ “पुढे.” ‘आज मी दोनच मिनिटं बोलले. त्याहून जास्त बोलले असते तर माझा आवाज फुटला असता आणि तिला कळलं असतं. ती ऑपरेटर आहे, बाबा. तिला नुसत्या श्वासावरून कळतं.’ मी आरशात बघितलं नाही. “पुढे.” ‘मी तिला जाताना जे बोलले ते तिच्या मनात आहे का? विचारू नकोस तिला. नुसतं बघ.’ प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर होतं आणि तेही दोन्हीकडे दिसत होतं. ती ठीक आहे. काळजी करू नकोस. तू कामाकडे लक्ष दे. मी लिहिलं तेव्हा ही उत्तरं मला समंजस वाटली होती. आता एकामागून एक वाचताना वाटत होतं की कोणीतरी दारात हात आडवा धरून उभं आहे.

यादीतलं पुढचं पत्र कुठलं ते मला तारखेवरून कळलं. ते वगळून त्याच्या पुढचं उघडता आलं असतं. पण बाण कुठे जातो ते ती बघत होती.

“पुढे,” ही म्हणाली.

मी उघडलं. ‘बाबा, मला राहवत नाही. तिकीट काढलंय. शनिवारी सकाळी दारात असेन. तिला काय सांगायचं ते मी बघते, तू ओरडू नकोस.’ आणि त्याखाली, त्याच दिवशी, तासाच्या आत पाठवलेलं माझं उत्तर. ‘तिकीट रद्द कर.’ एवढंच. खाली नावसुद्धा नव्हतं.

आतून ‘पुढे’ आलं नाही. मी हात माउसवर ठेवून थांबलो. मग तिने विचारलं, “हा शनिवार कुठला हो?”

मी तारीख वाचून दाखवली. आवाज पोचला की नाही कळेना, म्हणून पुन्हा वाचली.

“तेव्हा मी चालत होते,” ही म्हणाली. “मीच उघडलं असतं दार.”

“हो,” मी म्हणालो.